एक ‘नाय’ आणि एक ‘काय’

“नाय! नाय! ओ, नाय म्हणतोय ना! हात लावू नका! नाय!”

हे ओरडणारा माणूस मीच. ठिकाण मद्रासचं मांबलम स्टेशन, वेळ सकाळी दहाची, आणि ऊन असं की फलाटावर पापड टाकला असता तर भाजून निघाला असता. माझ्या गोदाआत्यानं पोटाशी धरलेल्या गंगेच्या गडूकडे एका ताडमाड माणसानं हात पुढे केला होता. त्याच्या काखेत काळी छत्री, कपाळावर भस्माचे पट्टे, आणि तोंडानं काहीतरी गोड गोड बोलणं चाललेलं. गोड बोलणाऱ्या परक्या माणसापासून सावध राहा, असं मला कराड सोडताना अकरा जणांनी बजावलं होतं. म्हणून मी ओरडलो.

माझा आवाज कसा आहे ते कराडात सगळ्यांना माहीत आहे. मी कृष्णेच्या या काठावरून हाक मारली, तर पलीकडच्या शेतातले बैल थांबतात आणि कुणी बोलावलं म्हणून मागे वळून बघतात. तो आवाज फलाटाच्या पत्र्याखाली घुमला. मग गर्दीतून एक बाई किंचाळली, “नाय!” तिच्या मागून एक म्हातारा, “नाय! नाय!” आणि बघता बघता सगळा फलाट ‘नाय नाय’ करू लागला.

खोटं कशाला सांगू, मला भरून आलं. परक्या मुलखात सातशे माणसं एका क्षणात आपल्या बाजूनं उभी राहतात म्हणजे काय!

पण ती सातशे माणसं उभी राहिली नाहीत, पळाली. एक ढेरपोटे गृहस्थ वजनाच्या काट्यावर चढले. दोन बायका कुणाच्या तरी ट्रंकेवर चढून एकमेकींना मिठी मारून उभ्या राहिल्या. एक पोलीस बाकावर गेला आणि त्यानं दोन्ही पाय वर घेतले. जो तो खाली जमिनीकडे बघत “एंगे? एंगे?” असं विचारत होता. त्याचा अर्थ ‘कुठं?’ हे मला मागाहून कळलं. माणसांची एक लाट आली, मी एका खांबाला पोरासारखा बिलगलो, आणि लाट ओसरल्यावर डोळे उघडले.

आत्या नव्हती. गडू नव्हता. छत्रीवालाही नव्हता.

माझं लिहिणं वाचणारे माझे मित्र नेहमी म्हणतात की तुझ्या गोष्टीतलं निम्मं वजा करूनच वाचावं लागतं. खुशाल करा. सातशेची साडेतीनशे माणसं करा, पोलिसाला बाकावरून खाली उतरवा. पण यापुढे जी भीती लिहिणार आहे तिच्यातलं काही वजा करू नका. ती मी आधीच निम्मी करून लिहिली आहे.

आम्ही तिथं कसे पोचलो

गोदाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. वय सत्तर, वजन आमच्या मांजरापेक्षा थोडं जास्त. माझी आई मी चार वर्षांचा असताना गेली. त्यानंतर मला न्हाऊमाखू घालणारी, गोवर आला तेव्हा उशाशी बसून राहणारी, आणि मी कचेरीत कारकून म्हणून चिकटलो त्या दिवशी गल्लीभर पेढे वाटणारी बाई ही. तिनं आयुष्यात माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. काशीला जाऊन तिनं गंगा आणली होती; तो तोंड बंद केलेला तांब्याचा गडू देवघरात बसून होता, आणि ती गंगा रामेश्वराच्या पिंडीवर तिच्या हातानं घालायची होती. “तेवढं झालं की मी मोकळी,” असं ती म्हणायची, आणि ते ‘मोकळी’ मला कधीच आवडलं नाही.

त्या वैशाखात रजा मिळाली आणि आम्ही निघालो. मद्रासला दोन दिवस मुक्काम, मग पुढची गाडी. मुक्काम माझ्या मेहुण्याच्या एका मित्राकडे, वेस्ट मांबलमच्या एका खोलीत. मित्र टपाल खात्यात, दिवसभर कामावर. त्यानं किल्ली शेजारी ठेवलेली. पत्ता माझ्या खिशात.

मेहुण्यानं मला निघताना तीन धडे दिले. पहिला, परक्याच्या हातचं काही खायचं नाही, गुंगीचं औषध असतं. दुसरा, कुणी सामान उचलू लागला तर ओरडायचं. आणि तिसरा, “तिकडे हिंदी बोलू नकोस हो! लोक चिडलेत हिंदीवर. ‘नहीं’ जरी म्हणालास तरी धरून बडवतील.”

म्हणून मद्रासच्या मोठ्या स्टेशनात उतरल्यापासून मी ‘नहीं’ला दाराबाहेर ठेवलं होतं आणि शुद्ध आमच्या बोलीत बोलत होतो. आमच्याकडे घाईत ‘नाही’चं ‘नाय’ होतं. मोठ्या स्टेशनासमोर पार्क नावाचं छोटं स्टेशन आहे, तिथून विजेच्या गाडीनं मांबलम. त्या गाडीत एका मुलीनं आत्याला उठून जागा दिली, तेव्हा मी संशयानं तिच्या हातांवरून नजर हलवली नाही. आत्या मात्र तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडत होती. मी म्हटलं, “आत्या, अशानं लुटली जाशील.” ती म्हणाली, “माझ्यापाशी आहे काय रे लुटायला? नि गंगा कुणी लुटत नाही.”

असो. आत्या नव्हती.

फलाट

मी फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावलो. “आत्या! आत्या!” म्हणून ओरडत होतो आणि लोक आता माझ्याकडे भलत्याच मायेनं बघत होते. मागाहून कळलं की तिकडच्या खेड्यापाड्यात ‘आत्ता’ म्हणजे आई. बेचाळीस वर्षांचा, मिशीवाला, कोटातला बाप्या स्टेशनात उभा राहून ‘आई, आई’ करून रडतोय, असं त्यांना दिसत होतं.

एकानं मला धरून बाकावर बसवलं. दुसऱ्यानं माझ्या तोंडाशी पाण्याचा पेला आणला. तिसरीनं केळं सोलून हातात दिलं. आमच्या गावी हरवलेल्या माणसाला आधी नाव विचारतात, मग जात, मग आडनाव, आणि तोवर त्याची गाडी सुटते. इथं आधी केळं. पण मला मेहुण्याचा पहिला धडा आठवला. गुंगी! यांनीच आत्याला नेलं आणि आता माझी पाळी! मी केळं फेकलं आणि ओरडलो, “नाय! नाय!”

सगळे पुन्हा जमिनीकडे बघू लागले. पोलीस पुन्हा बाकाकडे सरकला.

तेवढ्यात तिकीट तपासणारा एक चष्मेवाला आला. त्याला इंग्रजी येत होतं, मला कचेरीपुरतं. मी म्हटलं, “माय ओल्ड लेडी लॉस्ट.” आणि नऊवारी लुगडं कसं नेसतात ते हातवारे करून दाखवलं. तो समजला, असं मला वाटलं. पण तिकडच्या म्हाताऱ्या ब्राह्मण बायकाही नऊवारीच नेसतात, कासोटा घालून, हे मला कुठं ठाऊक! पाच मिनिटांत त्या भल्या माणसांनी माझ्यापुढे तीन म्हाताऱ्या आणून उभ्या केल्या. तिघी नऊवारीत, तिघी सत्तरीच्या, तिघी माझ्याकडे चौकशीच्या नजरेनं बघताहेत, आणि तिघींपैकी एकही माझी नाही. तेव्हा मी खरोखर रडलो. तिघींपैकी एकीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला, तर मी शहारलो.

खिशातला पत्ता काढून मी चष्मेवाल्यापुढे धरला. त्यानं तो उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. पत्ता मी देवनागरीत लिहिला होता. तो कागद सगळ्या बाकाभर फिरला, आणि परत आला तेव्हा त्याच्यावर केळ्याचा डाग होता.

मग चष्मेवाला माझ्या कानाशी वाकून म्हणाला, “सार, यू आर कॉलिंग एव्हरीबडी डॉग. व्हाय?”

“डॉग?”

“नाय. नाय मीन्स डॉग, सार. इन तमिळ.” म्हणजे कुत्रा!

वाचकहो, मी गेली पंधरा मिनिटं मांबलम स्टेशनातल्या आबालवृद्धांना, बायाबापड्यांना, एका पोलिसाला आणि गडूला हात लावू पाहणाऱ्या त्या भस्मधारी माणसाला तोंडावर ‘कुत्रा, कुत्रा’ म्हणत होतो. निम्म्यांना वाटलं पिसाळलेलं कुत्रं सुटलंय. उरलेल्या निम्म्यांना काय वाटलं असेल, ते मी मनात आणायचं टाळलं.

टाळताही आलं नाही. कारण त्याच क्षणी जिन्याच्या बाजूनं तो छत्रीवाला येताना दिसला. एका हातात छत्री. दुसऱ्या हातात, उंच धरलेली, एक चप्पल.

गल्ल्या

मी पळालो.

पळणं म्हणजे किती? कराडचे आमचे तालमीतले पोरगे बघते तर त्यांनी मला खांद्यावर घेतलं असतं. स्टेशनाबाहेर पडलो, सायकलरिक्षांमधून निघालो, भाजीच्या पाट्यांवरून उडी घेतली. वेस्ट मांबलमच्या गल्ल्या अरुंद. प्रत्येक दारापुढे पांढरी रांगोळी. आपल्याकडे सणाला काढतात तशी नव्हे, रोजचीच, पण बघत राहावं अशी. मी निदान चाळीस रांगोळ्यांवरून पळालो असेन. दाराबाहेरच्या ओट्यांवर म्हातारे टेकून बसलेले, घराघरांतून कॉफी दळल्याचा वास, आणि मागून छत्रीवाल्याची आरोळी, “सार! सार! निल्लुंगो!” म्हणजे ‘थांबा’, हेही मला मागाहूनच कळलं. त्याच्या मागे आणखी पाच-सात जण, प्रत्येकाची आरोळी वेगळी. मी मागे वळून बघायचो तर चप्पल वरच.

त्या पळण्यात मला काय आठवावं? आमच्या कराडच्या मोटार स्टँडावर दोन वर्षांपूर्वी एक मद्रासी जोडपं आलं होतं. त्याच्या हातात एक चिठ्ठी होती, बायको मागे उभी, तिचं पोट पुढे आलेलं. तो मला काहीतरी विचारत होता. आम्ही चौघे चहा पीत बसलो होतो. मी त्याचं ‘यंडुगुंडू’ बोलणं त्याच्याच तोंडावर करून दाखवलं, चौघे हसलो, आणि मग मी एका दिशेला बोट केलं. ती कुठली दिशा होती ते मला माहीत नव्हतं. तो हात जोडून, आभार मानून, त्या दिशेनं बायकोला घेऊन चालत गेला.

ती दोघं कुठं पोचली असतील? हा प्रश्न मला दोन वर्षांत एकदाही पडला नव्हता. मांबलमच्या त्या गल्लीत, घाम डोळ्यांत जात असताना पडला. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा आला: आत्यानं आत्ता कुणाला वाट विचारली असेल, आणि तो माझ्यासारखा निघाला असेल तर? ती मराठीशिवाय चकार शब्द बोलत नाही. कुणीही कुठंही बोट करील, आणि ती हात जोडून, गडू पोटाशी धरून त्या दिशेनं चालत जाईल, पडेपर्यंत जाईल. घरी जाऊन मी काय सांगणार होतो? की कुत्रा म्हणून ओरडलो आणि आत्या गेली?

गल्ली संपली. पुढे भिंत, भिंतीशी एक हातपंप, पंपाशी एक म्हैस. म्हशीनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. दोघांनाही पुढे वाट नव्हती.

छत्रीवाला आला. मी भिंतीला पाठ लावली, डोळे मिटले, हात जोडले आणि मान खाली घातली. म्हटलं, बसू दे, बसायलाच हवी. एक माझ्या ‘नाय’बद्दल, आणि एक त्या स्टँडावरच्या बोटाबद्दल.

काही बसलं नाही. बराच वेळ फक्त धापा ऐकू येत होत्या, त्याच्या आणि माझ्या. मग डोळे किलकिले केले तर तो माणूस खाली वाकला होता आणि ती चप्पल माझ्या पायांपाशी ठेवत होता. लहानशी, झिजलेली, अंगठ्याला निळ्या चिंधीनं बांधलेली. ती चिंधी मीच बांधली होती, मिरज स्टेशनात.

“ओल्ड लेडी,” तो धापा टाकत म्हणाला. “देअर. कम. यू... यू रन टू मच, सार.”

त्यानं माझं मनगट धरलं. खरं सांगतो, तरीही माझी भीती गेली नव्हती. चप्पल सापडली म्हणजे आत्या सापडली असं थोडंच आहे! चप्पल तर नदीकाठीही सापडते. तो मला वळणावळणानं नेत होता. वाटेत त्यानं छत्री उघडली आणि माझ्या डोक्यावर धरली, स्वतः उन्हात चालत राहिला. मी वर छत्रीकडे बघत होतो, तिच्यात एक भोक होतं, त्यातून सूर्य येत होता.

एका घरापुढे तो थांबला. आतून आवाज आला:

“अहो, एवढं दूध कशाला ओतता? मला कडूच द्या. आमचा दादू हरवलाय, नि मी गोड गोड काय पीत बसू?”

राव यांच्या ओट्यावर

दादू मी. आत्या ओट्यावर बसली होती, पाय गार पाण्याच्या घंगाळात, गडू मांडीवर, आणि हातात पितळी पेल्यातली कॉफी. मला बघून ती उठली नाही. मग पेला खाली ठेवला आणि माझ्या कोटाची बटणं लावू लागली, मी चौथीत असताना लावायची तशी. वरचं बटण खालच्या काजात गेलं, ते काढून तिनं पुन्हा लावलं.

घर होतं राव नावाच्या एका निवृत्त शाळामास्तरांचं. मूळचे तंजावरचे मराठी. त्यांच्या घरात मराठी बोलत होते, पण कसलं मराठी! जुन्या कागदपत्रांतून उठून बाहेर आल्यासारखं, आणि चाल सगळी तमिळ. त्यांच्या म्हाताऱ्या आई मला म्हणाल्या, “यावें, बसावें. कोठून येणें जाहलें?” मला वाटलं, आता मागून घोडदळ येतंय.

काय झालं ते रावांनी मला सगळं उलगडून सांगितलं. तो छत्रीवाला याच गल्लीत राहणारा, कुठल्याशा कचेरीतला कारकून, माझाच जातभाई म्हणायचा. जिन्याकडे चालताना आत्याचा तोल जातोय असं वाटून तो गडू सावरायला गेला. मी ओरडलो. लोंढा आला तेव्हा त्यानं छत्री आडवी धरून आत्याला भिंतीशी घेतलं, नाहीतर ती तुडवलीच गेली असती. आणि जिन्याखाली बसलेल्या एका फुलवालीच्या हवाली करून तो मला शोधायला परत गेला, वाटेत सापडलेली चप्पल घेऊन.

मी रावांना म्हटलं, “यांना सांगा, मी त्यांना कुत्रा म्हणालो त्याची क्षमा असावी.” रावांनी सांगितलं. छत्रीवाला कपाळ पुसत काहीतरी बोलला आणि ओट्यावरचे सगळे हसले.

“काय म्हणाले?”

“म्हणतात, ऑफिसांत साहेब याहून वाईट म्हणतो, आणि तेथें पळतां येत नाही.”

“पण आत्या इथं कशी आली? तुमच्या घरी?”

रावांनी पायरीकडे बोट केलं. तिथं खाली ती फुलवाली बसली होती. पन्नाशीची, काळीभोर, दंडावर गोंदलेलं, पाय अनवाणी. पुढ्यात टोपली, हात अबोलीचा गजरा ओवत चाललेले. मी आल्यापासून तिनं मान वर केली नव्हती.

तिला आत्याचा एक शब्द कळत नव्हता. पण आत्या रडत रडत एकच म्हणत होती, “काय करू? आता काय करू ग बाई? काय झालं हे?” आणि तमिळमध्ये ‘काय’ म्हणजे कच्चं फळ, भाजीचं फळ. रावांच्या दारी ही बाई वीस वर्षं फुलं घालते. या घरातली माणसं सकाळपासून ‘काय, काय’ करतात, भाजी नसली तरी करतात, हा तिचा गल्लीभर सांगायचा विनोद होता. स्टेशनाच्या जिन्याखाली एक परकी म्हातारी ‘काय, काय’ म्हणून रडताना तिनं ऐकली. तिनं छत्रीवाल्याला ‘रावांकडे नेते’ म्हणून सांगितलं, टोपली डोक्यावर घेतली, म्हातारीचा हात धरला, आणि जिथं ‘काय’ बोलतात त्या घरी आणून बसवली.

माझ्या एका ‘नाय’नं आत्या घालवली होती. तिच्या एका ‘काय’नं ती परत मिळाली. मधे ती फुलवाली नसती तर दोन्ही शब्द नुसते हवेत राहिले असते.

मी पायरी उतरून तिच्यापुढे उभा राहिलो आणि भाषण केलं. मला भाषण येतं. कराडात पुढारी आला की हार घालायला नि बोलायला मलाच उभं करतात. मी माणुसकीवर बोललो, दक्षिण-उत्तर एकतेवर बोललो, तिच्यात मला साक्षात अन्नपूर्णा दिसली असं म्हणालो. रावांनी त्याचं तमिळ चार शब्दांत केलं. ती दोरा दातानं तोडत होती.

मग माझ्या मनात मघापासून जे रुतलं होतं तेच बाहेर आलं. मी भाषण सोडून साध्या आवाजात रावांना म्हटलं, “हिला विचारा. हे घर मराठी नसतं निघालं तर? कुणालाच आत्याचं बोलणं कळलं नसतं, आणि मीही सापडलो नसतो, तर हिनं काय केलं असतं?”

रावांनी विचारलं. फुलवालीनं पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे बघितलं, प्रश्न नीट कळला नाही अशा चेहऱ्यानं. रावांनी पुन्हा विचारलं. तिनं गजरा टोपलीत ठेवला, दुसरा दोरा घेतला, आणि म्हणाली,

“माझ्या घरी नेली असती.”